आधी बुरशी, मग घेवडा

गच्चीवरच्या भाजीचं वेड गोरेगावात वाढलं, याचा आनंदच आहे. पण झाड सुकलं की ‘मायकोरायझा टाका’ हा जो सल्ला सर्रास मिळतो, तो मला मान्य नाही.

परवा सोसायटीतली एक मुलगी उपटलेली फरसबी घेऊन आली. "काकू, गाठी बघा किती! नत्र तर भरपूर दिसतंय, मग पानं पिवळी का?" नत्र देणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखाने सहज निघते, फोडली तर आत गुलाबी दिसते. इथे मूळच ठिकठिकाणी सुजलं होतं. हे काम सूत्रकृमींचं. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान पिल्लू मुळाच्या टोकाशी आत शिरतं आणि तिथल्या पेशी फुगवून त्यांच्यावरच पोसतं. मादी जागची न हलता शेकडो अंडी घालते. आपल्या उकाड्यात महिन्याभरात पुढची पिढी तयार!

अशा मुळावर मायकोरायझाची पुडी ओतून फारसं साधत नाही. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. झाडाकडून साखर घेते आणि मुळं पोचत नाहीत तिथलं स्फुरद आणून देते. ती आधी मुळात बसली, तर कृमींना जागा आणि अन्न दोन्ही कमी पडतं, शिवाय झाडाचा प्रतिकारही वाढतो. गोरेगावहून सुटणारी लोकल आठवा. अंधेरीला चढणाऱ्याला कुठली बसायला जागा? (उभ्याने येणारे येतातच. कृमी पूर्ण जात नाहीत, नुकसान कमी होतं एवढंच.)

म्हणून पुडी बियाखाली, पेरतानाच. आणि मग वरून मूठभर डीएपी टाकू नये. त्यात 46 टक्के स्फुरद असतं. ते आयतं मिळालं की झाड बुरशीला थारा देत नाही. दुकानदार मात्र दोन्ही एकाच पिशवीत घालून देतो, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

गाठी आलेली माती दुसऱ्या कुंडीत नेऊ नका. मे महिन्यात ती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली काही आठवडे उन्हात तापू द्या, नंतर झेंडू लावा. नर्सरीत वांगी-टोमॅटोचं रोप घेताना पिशवी सोडून मूळ दाखवायला सांगा, कृमी त्या मातीतूनही घरी येतात. फरसबीचं तर रोप विकत घेऊच नये. बी चार-सहा दिवसांत उगवतं.