बिट्टी दुभाजकावरच शोभते

माझी छोटी रोपवाटिका आहे. शाळांकडून दर पावसाळ्यात मागणी येते, 'कमी पाण्यावर जगेल, गुरं तोंड लावणार नाहीत, बारमाही फुलेल असं द्या.' तिन्ही अटींत बसते ती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. तरीही शाळेला मी ती देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, पण आपल्याकडे इतकं रुळलंय की शंकराच्या पिंडीवरही याचं फूल वाहतात. पानं अरुंद, लांब, चकचकीत. पाच पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या, त्यामुळे फूल पुरतं उमलल्यासारखं वाटतच नाही. पान तोडलं की पांढरा चीक. फळ हिरवं, कोनदार, पिकल्यावर काळं, आत टणक बाठा. या बाठ्यांनी आमच्या पिढीने अंगणात खेळ मांडले, आणि खरी अडचण तिथेच आहे. बाठ्यातल्या बीमध्ये थेव्हेटिनसारखी द्रव्यं असतात, ती थेट हृदयाचे ठोके बिघडवतात. बी वाळली तरी विष जात नाही. गुरं उगाच नाही टाळत!

सरसकट तोडा असं मी म्हणणार नाही. महामार्गाच्या दुभाजकावर धूर-उन्हात हिच्याइतकं चिवट झुडूप क्वचितच मिळेल. पण अंगणवाडी आणि शाळेच्या कुंपणाला नको. तिथे जास्वंद लावा, पाणी थोडं जास्त लागेल. आणि रोप विकणाऱ्याने पिशवीवर 'विषारी' एवढा शब्द लिहायला काय हरकत आहे? मी खडूने पाटीवर लिहिते. बिट्टीचा खप थोडा घटला, जास्वंदीचा वाढला.