मात्रा कुठे आहे?

"रिपोर्ट नॉर्मल आहेत. व्यायाम करा, वजन उतरवा, टेन्शन घेऊ नका." माझ्याकडे न बघताच डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली. त्या सकाळी कणीक तिंबताना मनगटं इतकी दुखली होती की परात तशीच ठेवून मी जमिनीवर बसले होते. तरी घरी येऊन हट्टानं पाऊण तास भरभर चालले. पुढचे चार दिवस अंथरूण सुटलं नाही. वर घरच्यांचं ऐकलं, "अंग हलवायलाच नको असतं हिला."

मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार. त्यात व्यायामाचा उपयोग होतो, हे मला मान्यच आहे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'यूलार' संघटनेनं २०१६ च्या सुधारित शिफारशींत 'ठाम' हा शेरा एकट्या व्यायामाला दिला. एकाही गोळीला नाही. पण त्याच व्यायामानं आमचं दुखणं वाढूही शकतं, त्याचं काय? स्वीडनमध्ये ईवा कॉसेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडीचा स्नायू आवळून धरायला लावून मोजलं. निरोगी बायकांची दाब सोसायची ताकद तेवढ्या वेळात वाढली. फायब्रोमायल्जिया असलेल्यांची घटली. दुखणं दाबायची शरीराची जी सोय इतरांना आपसूक मिळते, ती आमच्यात नीट चालत नाही. याला आळस म्हणणं हा अडाणीपणा आहे, मग म्हणणाऱ्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत.

आणि फायदा तरी केवढा? एरोबिक व्यायामावरच्या १३ चाचण्यांचा, ८३९ जणांचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१७ मध्ये घेतला. दुखणं शंभरात साधारण ११ अंकांनी उतरलं, आणि त्याचाही पुरावा कच्चाच. हे पेशंटला आधी सांगायला नको? बॉस्टनमधल्या २२६ जणांच्या चाचणीत (२०१८) 'ताई ची' ही संथ चिनी व्यायामपद्धत एरोबिकइतकीच किंवा त्याहून सरस ठरली. एरोबिकच्या वर्गाला हजेरीही कमी होती. जो व्यायाम करायला बाई पुन्हा येतच नाही, तो कागदावर कितीही उत्तम असला तरी काय कामाचा?

मला शेवटी एका फिजिओथेरपिस्टनं चिठ्ठीवर लिहून दिलं: सपाट रस्ता, सात मिनिटं, एक दिवसाआड, दुखणं वाढलं तर पाच. वर्षभरानं मी पंचवीस मिनिटं चालते. दुखणं गेलेलं नाही.

डॉक्टर, व्यायाम हे औषध आहे ना? मग गोळीसारखी त्याचीही मात्रा लिहा: कोणता, किती मिनिटं, आठवड्यातून कितीदा, आणि दुखणं वाढलं तर किती कमी करायचा.