मेळाव्याचं इतिवृत्त कोण वाचणार?



आधी शेताची नोंद उरकतो. सोयाबीन सोंगून झालं. गंजी ताडपत्रीखाली आहे, ऊन पडलं की उघडून वारा देतो, कारण दाण्यात अजून ओल आहे. पऱ्हाटीला बोंडं फुटायला लागलीत, सीतादही या आठवड्यात करू. ज्वारी दाण्यात आली आहे आणि रानडुकरांना ते आमच्याआधी कळलं आहे. त्यामुळं रात्रीची जागल सुरू. जागलीला सोबत म्हणून यंदा मी दसरा मेळावे घेऊन बसलो. सेमाडोहात जिथं रेंज सापडते तिथं उभं राहून भाषणं मोबाईलमध्ये उतरवून घ्यायची आणि रात्री मचाणावर बसून ऐकायची.

एक उपयोग आधीच सांगून ठेवतो. आवाज पूर्ण वाढवून भाषण लावलं तर डुकरं पळतात. पहिल्या रात्री एकही फिरकलं नाही. दुसऱ्या रात्री धुऱ्यावर येऊन थांबली. तिसऱ्या रात्री भाषण सुरू असताना कणसं खात होती. आपल्या मतदाराचं नि त्यांचं यात काही वेगळं आहे असं मले वाटत नाही. आपल्यालेही सवय झाली.

2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला आला. मुंबईत शिवसेनेचे दोन मेळावे. 1966 साली शिवाजी पार्कवर पहिला मेळावा झाला तेव्हा सेना एक होती. 2022 पासून दसऱ्याला दोन मंच लागतात आणि टीव्हीचा पडदा मधून चिरून दोन्हीकडचे चेहरे दाखवतात. 2025 ला पाऊस होता. एक मेळावा आझाद मैदानावरून उचलून गोरेगावच्या नेस्कोत छपराखाली नेला, दुसरा शिवाजी पार्कच्या चिखलात झाला. त्यावरही चॅनलवाल्यांनी चर्चा केली, कोणाची गर्दी खरी म्हणून. इकडं आमची गर्दी ताडपत्रीच्या दुकानात होती, तिची मोजणी कोणी केली नाही.

मी एका पक्षाचं नाव घेऊन बोलत नाही, कारण हा रोग सगळ्यांना आहे. 2025 च्या जानेवारीत शिर्डीला 12 तारखेला भाजपचं अधिवेशन झालं. आठवड्यानं त्याच गावी अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं शिबिर. 2023 च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसची सभा. सगळी मी थोडी थोडी पाहिली आहेत. वय झालं की माणूस कीर्तन ऐकतो, मी अधिवेशनं ऐकतो.

ऐकता ऐकता एक नाद लागला. भाषण उफणून पाहायचं. सूप हातात धरल्यासारखं, दाणे खाली किती नि कुटार किती. सुरुवातीला व्यासपीठावरची नावं, ती वजनात धरू नका. मग समोरच्या पक्षावर. मग समोरच्या पक्षानं आपल्यावर काय म्हटलं त्यावर. मग एखादी कोटी, टाळ्या, त्या टाळ्या दाखवायला कॅमेरा गर्दीवर. शेवटी, पाणी पिऊन झाल्यावर, "माझ्या शेतकरी बांधवांनो". तेवढ्यात जाहिरात लागते. 2025 ला अतिवृष्टीचा विषय दोन्ही मेळाव्यांत निघाला, हे मान्य करतो. पण दुसऱ्या दिवशी चॅनलवर चालला तो कोणी कोणाला काय म्हटलं तोच तुकडा. दाणे होते तेही कुटारासंगं उडाले.

तिकडं अमेरिकेतही हेच आहे म्हणतात. तिथल्या दोन मोठ्या पक्षांच्या अधिवेशनात उमेदवार ठरायचा, मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या व्हायच्या. टीव्हीचे कॅमेरे पोचले नि 1952 नंतर एकदाही दुसऱ्या फेरीची गरज पडली नाही. नाव आधीच ठरलेलं, अधिवेशनात वरून फुगे सोडायचे तेवढे बाकी. आपल्याकडं फुग्याऐवजी जेसीबीनं फुलं उधळतात. फुलं तरी शेतकऱ्याची असतात, तेवढंच समाधान.

पण मंडळी, अधिवेशन हा शब्द काही कायम असा पोकळ नव्हता. आपल्या अमरावतीत 1897 ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, शंकरन नायर अध्यक्ष, आपले दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता. त्या काळी अधिवेशन म्हणजे ठराव. लोक भाषणं विसरायचे, ठराव छापून राहायचा.

आणि शेतकऱ्यानं लक्षात ठेवावं असं अधिवेशन म्हणजे फैजपूरचं. जळगाव जिल्ह्यातलं हे गाव, आपल्या सातपुड्याच्याच पायथ्याशी. 27 आणि 28 डिसेंबर 1936. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, गांधीजींचा तो आग्रह होता. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सजावट नंदलाल बोस यांची, तीही बांबूसारख्या गावातल्याच वस्तूंनी. आमच्या मेळघाटच्या माणसाले बांबूचा मंडप म्हटला की आपलं वाटते. पण खरी गोष्ट मंडपाची नाही. तिथं शेतीचा कार्यक्रम ठराव म्हणून मंजूर झाला. शेतसारा नि खंड कमी करा. ज्याच्या जमिनीत पोट भरत नाही त्याला सारा माफ करा. वेठबिगार बंद करा. कर्जाचा बोजा हलका करा. शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या. एकेक कलम असं की कोणीही उद्या विचारू शकेल, झालं का नाही? सगळं झालं नाही. पण पुढच्या वर्षी प्रांतात सरकारं आली आणि 1939 ला मुंबई प्रांतात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. ठराव कागदावर होता म्हणून सरकारला त्याची आठवण करून देता आली.

दुसरं उदाहरण पक्षाचं नाही, शेतकरी संघटनेचं. नोव्हेंबर 1986, नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. शरद जोशींनी शेतकरी महिलांचं अधिवेशन बोलावलं. लाखावर बाया जमल्या, कोणी भाकरी बांधून, कोणी लेकरू काखेत घेऊन. त्याच वाटेनं पुढं लक्ष्मीमुक्ती निघाली, नवऱ्यानं आपखुशीनं बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. गावोगावच्या सातबाऱ्यावर बायांची नावं लागली. सातबारा टाळ्या वाजवत नाही, पण टिकतो.

आता माझं म्हणणं. 2 ऑक्टोबर ही ग्रामसभेचीही तारीख असते. ज्यांनी कधी ग्रामसभेत बूड टेकवलं त्यांना ठाऊक आहे, विषयपत्रिकेवर पहिला विषय कोणता असतो. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." ग्रामसेवक रजिस्टर उघडतो, मागच्या वेळी काय ठरलं ते वाचतो आणि कोपऱ्यातून एखादी म्हातारी विचारते, "बावा, त्या हातपंपाचं काय झालं?" तिला टाळता येत नाही. पंप दुरुस्त झाला नसेल तर नाही असं लिहावं लागते. एवढ्याशा गावाला जमते ते एवढ्या मोठ्या पक्षाला का जमू नये?

कृषी विद्यापीठातले मित्रही ही नोंद वाचतात, त्यांना विचारा. अकोल्याला असो की राहुरीला, नवं वाण मांडायचं तर मागच्या हंगामांच्या चाचण्यांचे आकडे ठेवावे लागतात. उतारा किती, रोग किती, शेजारच्या जुन्या वाणापेक्षा जास्त का कमी. कोणी नुसतं "आमचं वाण भारी" म्हणून टाळ्या घेऊन घरी जात नाही.

मग पक्षाच्या मेळाव्यातही पहिला विषय हाच असावा. मागच्या वेळचं इतिवृत्त. 2024 च्या विधानसभेला सोयाबीनची बोलीच लागली होती, एका बाजूनं 6000, दुसऱ्या बाजूनं 7000. 2025 चा हमीभाव 5328 होता आणि बाजारात त्याच्याही खाली मागत होते. हमीभावानं द्यावं म्हटलं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. 2024 ला 15 टक्क्यांपर्यंत सूट दिली, तीही हंगाम अर्धा सरल्यावर, नोव्हेंबरात. ज्याची दिवाळी आली, ज्याच्या अंगावर कृषी केंद्राची उधारी होती, त्यानं तोपर्यंत घाट उतरून परतवाड्याला माल देऊन टाकला. हे सगळं इतिवृत्तात यावं. बोललो होतो अमुक, झालं तमुक, राहिलं ते यामुळं राहिलं. पाच मिनिटांचं काम आहे. नाही जमलं तर नाही म्हणा. आम्ही शेतकरी आहो, पाऊस आला नाही तर पीक होत नाही हे आम्हाले समजते. फक्त पेरलंच नव्हतं हे लपवू नका.

एवढं झालं की मग हाणा एकमेकांवर. कोट्या करा, नकला करा, आम्ही हसू. जागलीला करमणूक लागतेच.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. जिल्हा परिषदेचे उमेदवार दारी येतील. चहा पाजा, पण भाषण ऐकू नका. वही पुढं करा नि म्हणा, भाऊ, दोन ओळी लिहून द्या. खरेदी केंद्र कुठं, कोणत्या तारखेच्या आत, रानडुकरांच्या नुकसानीचा पंचामा किती दिवसांत. खाली सही. जो लिहील तो निवडून आला तर वही ग्रामसभेत वाचू. जो लिहिणार नाही त्याचं उत्तरही तिथंच मिळालं.

उद्या गंजी उघडून दात लावून दाणा पाहतो. कटकन फुटला तर थ्रेशर सांगतो, नाही तर अजून दोन दिवस ऊन. तुमच्याकडं ओलावा कसा आहे ते कळवा.