गुण नव्हे, चुका मोजा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या वस्तीतील एक भगिनी मुलाला घेऊन आमच्याकडे आल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात, पती माथाडी कामगार आहेत. मुलगा बी.एस्सी. झालेला. त्याने 'जावा' या संगणकाच्या भाषेची प्रमाणपत्र परीक्षा दिली आणि तो नापास झाला. परीक्षेची फी हजारांत. ती बचत गटाचे कर्ज काढून भरलेली. मुलगा मान खाली घालून बसला होता. भगिनी म्हणाल्या, "भाऊ, घरी सराव परीक्षेत ह्याला शंभरात पंच्याण्णव पडत होते. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग तिथं कसा नापास झाला? पेपर तपासणाऱ्यानं तर काही केलं नाही ना?"

असा संशय मनात का येतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण ही परीक्षा संगणकावर होते आणि तपासतोही संगणकच. त्याला आडनाव कळत नाही. तेव्हा चूक कुठे झाली, हे घरातच शोधणे भाग होते.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. जावा आम्हाला येत नाही. पण हिशोबातील चूक कशी शोधावी, हे वीस वर्षांत शिकलो आहोत. आम्ही मुलाला विचारले, "पंच्याण्णव गुण कितव्या वेळी पडले?" तो म्हणाला, "त्याच संचाला पाचव्या वेळी." इथेच आम्हाला धागा सापडला.

त्याच्या संचातील एक प्रश्न आम्ही उघडायला लावला. जावामध्ये 'इंटिजर' या प्रकारच्या दोन वस्तूंत 127 हा आकडा ठेवला आहे आणि 'दुहेरी बरोबर' हे चिन्ह वापरून दोन्ही समान आहेत का, असे विचारले आहे. मुलगा तात्काळ म्हणाला, "खरे." उत्तर बरोबर होते. उत्तराखालचे स्पष्टीकरण आम्ही सावकाश वाचले आणि म्हणालो, "आता 127 च्या जागी 128 लिही. उत्तर काय?" तो पुन्हा म्हणाला, "खरे." ते मात्र चूक. उत्तर 'खोटे' असे येते.

कारण असे. हे चिन्ह वस्तूंच्या बाबतीत आतला आकडा पाहत नाही, दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत का, ते पाहते. उणे 128 ते 127 या आकड्यांच्या वस्तू जावा आधीच तयार ठेवते आणि प्रत्येक वेळी तीच वस्तू हाती देते. 128 पासून पुढे साधारणपणे नवी वस्तू बनते. एकाच अर्जाच्या दोन झेरॉक्स काढल्या, तर मजकूर एक पण कागद दोन, तसाच हा प्रकार. मुलाला उत्तर पाठ होते, कारण ठाऊक नव्हते. परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला की पाठांतर तिथेच संपते.

हिशोबात आम्ही तेरीज काढतो. नावे आणि जमा या दोन बाजूंची बेरीज जुळली की नवखा कारकून खूश होतो. पण तेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर आहेत, असे नाही. नावे बाजूला शंभर रुपये चुकून जास्त आणि जमा बाजूलाही शंभर जास्त पडले, तरी तेरीज जुळते आणि चूक लपून राहते. सराव परीक्षेतील गुण अगदी असेच आहेत. अंदाजाने बरोबर आलेले उत्तर ही लपलेली चूक आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, सरावात गुण मोजू नका, चुका मोजा.

मग सराव परीक्षा टाकाऊ आहेत का? मुळीच नाही. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के. म्हणजे स्वतःची परीक्षा घेणे हा केवळ मोजण्याचा प्रकार नाही, तो शिकण्याचाही मार्ग आहे. मात्र त्यात खरोखर आठवावे लागते. पर्याय पाहून ओळखणे म्हणजे आठवणे नव्हे.

त्या रविवारी आम्ही त्या मुलाला दोनशे पानी वही आणून दिली आणि पद्धत ठरवली. ती आमच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, सराव संच जपून वापरावेत. न पाहिलेला संच एकदाच नवा असतो. एक संच पहिला अभ्यास झाल्यावर सोडवावा, म्हणजे कुठे कच्चे आहोत ते कळते. निदान दोन पूर्ण संच शेवटच्या पंधरवड्यासाठी अजिबात न उघडता ठेवावेत. मधल्या काळात विषयवार प्रश्न सोडवावेत. जावा 17 साठी जीन बॉयार्स्की आणि स्कॉट सेलिकॉफ यांचे सराव प्रश्नांचे इंग्रजी पुस्तक आहे, त्यात आधी विषयवार प्रश्न आणि शेवटी पूर्ण परीक्षा अशी सोय आहे. चौघांनी मिळून एक प्रत घेतली तरी चालते. फक्त उत्तरे पुस्तकात लिहू नयेत.

दुसरी गोष्ट, प्रत्येक उत्तरापुढे खूण करावी. 'जाणून' दिले असेल तर 'जा', अंदाजाने दिले असेल तर 'अं'. तपासताना 'अं' असलेले बरोबर उत्तरही चुकांत धरावे. गुण कमी दिसतील, पण खरे दिसतील.

तिसरी गोष्ट, चुकांची वही. तिचे रकाने पाच: तारीख, विषय, मी काय उत्तर दिले, बरोबर काय, आणि चूक का झाली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे 'लक्ष नव्हते' असे लिहून सुटका करून घेऊ नये. नियमच ठाऊक नव्हता, की प्रश्न नीट वाचला नाही, की घाई झाली, हे स्पष्ट लिहावे. नियम ठाऊक नसेल तर पुस्तकाकडे परत जावे. वाचण्यात चूक असेल तर प्रश्न दोनदा वाचण्याची सवय लावावी. आजार वेगळा तर औषध वेगळे.

चौथी गोष्ट, चुकलेला कोड स्वतःच्या हाताने टंकून चालवून पाहावा. जावा चालवण्याचे साधन इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येते. चालवण्याआधी उत्तर वहीत लिहावे, मग चालवावे, मग एक ओळ बदलून पुन्हा आधी उत्तर लिहावे. उदाहरणार्थ, एका 'स्ट्रिंग'मध्ये "चहा" हा शब्द आहे. पुढच्या ओळीत त्याला 'कॉनकॅट' करून "साखर" जोडली, पण जोडलेले कुठेच साठवून ठेवले नाही. आता ती स्ट्रिंग छापली तर काय येईल? पुष्कळजण "चहासाखर" म्हणतात. येते फक्त "चहा", कारण जावामधील स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही, जोडून होते ती नवीच असते. असे एकदा हाताने केले की आयुष्यभर विसरत नाही. घरी संगणक नसेल तर अभ्यासिकेतील किंवा मित्राच्या संगणकावर आठवड्याच्या चुका एकदम चालवून पाहाव्यात. तोवर वहीत लिहून ठेवाव्यात.

पाचवी गोष्ट, चुकलेला प्रश्न त्याच दिवशी पुन्हा सोडवून समाधान मानू नये. तीन दिवसांनी, मग आठवड्याने, वहीतील उत्तराचा रकाना झाकून तो पुन्हा सोडवावा. दोन्ही वेळा कारणासह बरोबर आला तरच त्यावर काट मारावी.

सहावी गोष्ट, घड्याळ. ओरॅकल कंपनीच्या जावा 17 च्या परीक्षेत 50 प्रश्न आणि 90 मिनिटे असतात, उत्तीर्ण होण्यास 68 टक्के लागतात. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. पूर्ण संच सोडवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत, नाहीतर शेजारी ठेवावा आणि नव्वद मिनिटे जागचे उठू नये. अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे जावे, सोपे आधी पदरात पाडून मग परत यावे. परीक्षेचे नियम बदलतात, म्हणून फी भरण्याआधी कंपनीची चालू माहिती वाचावी.

आणि फी केव्हा भरावी? आमचे माप असे: दोन नव्या, कधीही न पाहिलेल्या संचांत, घड्याळ लावून, अंदाजाची उत्तरे वजा करून ऐंशी टक्के पडले म्हणजे. त्याआधी भरू नये. मित्राने तारीख घेतली म्हणून आपण घेऊ नये. नापास झाल्यास चौदा दिवस थांबून पुन्हा बसता येते, पण फी पुन्हा भरावी लागते आणि ती आईच्या हातच्या घट्ट्यांतून येते.

एक धोकाही सांगितला पाहिजे. 'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून चोरीचे संच विकले जातात. मुले त्यांना 'डम्प' म्हणतात. त्यांतील उत्तरे अनेकदा चुकीची असतात आणि पकडले गेल्यास कंपनी प्रमाणपत्र रद्द करू शकते. त्याहून वाईट म्हणजे मुलाखतीत कोणी 127 चे 128 केले की पितळ उघडे पडते. आमच्या मुलांच्या गुणवत्तेवर बोट ठेवायला लोक टपलेलेच असतात. त्यांच्या हाती आपणहून कोलीत देऊ नये.

आता आईवडिलांसाठी. आपल्याला संगणक कळत नाही, म्हणून आपण काय करणार, असे पुष्कळ पालक म्हणतात. दोन गोष्टी करता येतात. आठवड्यातून एकदा नव्वद मिनिटे टीव्ही बंद ठेवून घर शांत ठेवावे. आणि मुलाला 'किती पडले?' असे न विचारता 'आज काय चुकलं आणि का चुकलं?' असे विचारावे. त्याने सांगितलेले आपल्याला कळले नाही तरी चालेल. समजावताना तो अडखळला, तर त्याचे त्यालाच कळते की आपल्यालाही ते नीट उमगलेले नाही.

त्या भगिनींनी हेच केले. रात्री भाकऱ्या थापताना त्या विचारीत, "आज काय चुकलं रे?" सुरुवातीला मुलगा चिडे. मग सांगू लागला. चार महिन्यांत वहीत एकशे ऐंशीवर चुका जमल्या आणि त्यांतील बहुतेकांवर काट पडली. दुसऱ्या वेळी त्याला 76 टक्के पडले. पहिल्या वेळी 58 होते.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे लगेच नोकरी मिळाली, असे नव्हे. तो अजून मुलाखती देतो आहे, सकाळी एका दुकानात बिले करतो. बचत गटाचे कर्ज मात्र फिटत आले आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या शेजारची बारावी झालेली मुलगी ती वही मागायला आली. त्याने वही दिली नाही. कोरी वही आणून दिली आणि म्हणाला, "माझ्या चुका वाचून तुझा काय उपयोग? तुझ्या तू लिही."

मुलगा पास झाला हे आम्हाला त्या दिवशी खरे पटले.