आत्या आधी आडनाव विचारत नाही

गेल्या शनिवारी लग्नाला बोरीला गेलो होतो. बोरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव. मांडवात आत्या एका अनोळखी पोराचं नातं शोधत होती. आडनाव विचारलंच नाही, कारण अर्ध्या मांडवाचं आडनाव तेच! थेट म्हणाली, "आजोळ कोन्या गावचं रे बाबा तुझं?" दोन प्रश्नांत तो तिच्या जावेचा भाचा निघाला. आणि मला पंगतीत ऑफिसची क्वेरी आठवली. (सवय, दुसरं काय!)

झालं असं होतं की, एका कर्ज देणाऱ्या क्लायंटच्या डेटात आम्ही फसवणूक करणाऱ्या टोळ्या शोधत होतो. ग्राहक, फोन, पत्ते हे सगळे ग्राफचे नोड. पॅटर्न साधा: दोन ग्राहक, फोन एक, पत्ता एक, आणि दोघं एकमेकांना जामीन. क्वेरी रात्रभर फिरत राहिली. सकाळच्या मीटिंगमध्ये ठरलं काय, तर डेटाबेस बदला.

मला हे पटत नाही. मोठ्या ग्राफमध्ये असा पॅटर्न शोधणं, सर्वसाधारण रूपात, एनपी-कम्प्लीट आहे. कुठलंही प्रॉडक्ट घेतलं तरी ते बदलत नाही. उलमनचा अल्गोरिदम 1976 सालचा. 2024 मध्ये जीक्यूएल ही आयएसओची प्रमाणित भाषा आली, क्वेरी लिहिणं सोपं झालं. पण सुरुवात कुठून करायची? ऑप्टिमायझर बऱ्याचदा सरासरी बघतो. एका फोनमागे सरासरी एक-दीड ग्राहक, म्हणून आमच्याने फोन धरला. आता ज्यांनी नंबर दिला नाही, त्यांच्यापुढे कुणीतरी दहा वेळा 9 ठोकून ठेवलेला! अशा 50,000 नोंदी धरल्या तर त्या एका नोडमधूनच सुमारे 125 कोटी जोड्या तयार होतात. पत्ता आणि जामीन तपासायचे ते त्यानंतर. याउलट एकमेकांना जामीन राहिलेल्या जोड्या मोजक्याच. सोमवारी तिथून सुरुवात केली, चहा संपायच्या आत उत्तर आलं.

हुश्श म्हणणार, तेवढ्यात यादी बघितली. "मु. पो. बोरी, ता. जिंतूर". एकदा नाही, कितीतरी वेळा. अहो, गावात पत्ता एवढाच असतो! घरात फोन एक, तो थोरल्याकडे. आणि भाऊ भावाला जामीन राहणार नाही तर कोण राहणार? पुण्यात बसून आम्ही ज्याला टोळी म्हणत होतो ते बोरीतलं घर होतं. या यादीवरून कर्ज अडणार होतं, तेही पेरणीच्या तोंडावर.

म्हणजे ज्या नोडला सगळं गाव चिकटलंय, तो क्वेरी तर रखडवतोच, वर पुरावा म्हणूनही कुचकामी. नवीन इंजिन आणलं असतं तर हीच चुकीची यादी जरा लवकर मिळाली असती, एवढंच.

नुसत्या गावाच्या नावाचे पत्ते मी पॅटर्नमधून काढले, आणि उरलेली नावं आधी माणसाने तपासायची हे मान्य करून घेतलं. मीटिंगमध्ये एकाने विचारलंच, "मग नव्या डेटाबेसचं काय?" शुक्रवारी डेमो आहे म्हणे.