पदवीचाही भावफलक लावा

शेतकरी भावांनो, पोराला डॉक्टर करायचे म्हणून लातूरच्या क्लासला दोन वर्षे घातली, 'नीट'चे गुण हुकले, आता निदान बी.एस्सी. तरी होऊ दे, असे म्हणणारा बाप गावोगाव आहे. (पोरीसाठी तेवढे कर्जही कोणी काढत नाही.)

हिशेब मांडू. समजा, क्लास, खोली, खानावळीपायी सावकाराकडून दोन लाख शेकडा दोनने काढले. वर्षाचे व्याज ४८ हजार. पदवीच्या तीन वर्षांनंतर देणे ३ लाख ४४ हजार. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे जवळपास ४५ क्विंटल कापूस, तोही हमीभाव मिळाला आणि बियाणे, फवारणी, वेचणी फुकटात झाली तर! बँकेचे शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत विनातारण असते, शिक्षण संपून वर्ष होईतो हप्ता नसतो. पण त्यात बाप सहकर्जदार लागतो, आणि बापाचे पीककर्ज थकलेले.

पुढे पगार किती? पुण्यातला पगार ऐकायला बरा. खोलीभाडे, डबा वजा जाता गावी काय येते, तेवढेच खरे उत्पन्न.

बाजार समितीत कापूस-ज्वारीचा भावफलक असतो. गेल्या तीन वर्षांत बी.एस्सी. झालेल्यांपैकी किती जण कामाला लागले, किती पगारावर, हे कॉलेजांनी प्रवेशाआधी फळ्यावर का लिहू नये? नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने, १९९४ साली ते आपल्यासाठीच झाले, तशी सक्ती करावी. जिल्हा बैठकीत हा ठराव येईल. येताना आपापल्या पोरांचा हिशेब लिहून आणा.