मुळशी वगळून उरलेला कोयता

महेश मांजरेकर दिग्दर्शित 'अंतिम' हा हिंदी चित्रपट नोव्हेंबर २०२१ मध्ये पडद्यावर आला, तेव्हा सर्वप्रथम गळाले ते मुळशीचे नाव. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न'ची ही नवी आवृत्ती. शीर्षकातून तालुका वगळणे हा व्यापारी हिशेब एक वेळ समजता येईल. परंतु तालुक्याबरोबर कारणही मागे पडले आणि हिंसा तेवढी पुढे आली. पुरोगामी वर्तुळातही 'निदान हिंदीमुळे शेतकऱ्याचा प्रश्न देशभर गेला' असे समाधान मानणारे आहेत. हे समाधान तपासून घेणे आवश्यक आहे.

मूळ चित्रपटात कोयते कमी नाहीत. मात्र त्यांच्यामागे जमीन आहे. जमीन विकून बसलेला पाटील पहारेकरी होतो आणि त्याचा मुलगा टोळीत शिरतो. एकरकमी आलेला पैसा शेतकऱ्याच्या घरात भांडवल म्हणून टिकत नाही, खर्च म्हणून संपतो. शेतीच्या भावाने घेतलेल्या त्याच जमिनीला बिनशेती होताच जे मोल चढते, त्यात विकणाऱ्याचा कवडीचाही वाटा नसतो. अर्थशास्त्रात हिला अनर्जित वाढ म्हणतात. ती आपोआप कोणाच्या पदरात पडत नाही. विसारपावती, कुलमुखत्यारपत्र, सातबाऱ्यावरील नोंद आणि अखेरीस प्रत्यक्ष ताबा, अशी ही साखळी असते. तिच्या शेवटच्या कडीला धाक लागतो. मुळशीतला गुंड हा या व्यवहाराचा चाकर आहे, कथापुराणातला राक्षस नव्हे.

'अंतिम'ने हा चाकर उचलून आखाड्यात उभा केला. जमीन गेल्याची कथा तेथेही आहे, पण प्रास्ताविकापुरती. मूळ चित्रपटात उपेंद्र लिमये यांचा इन्स्पेक्टर विठ्ठल कडू महत्त्वाचा होता, तरी कथा त्याची नव्हती. येथे सलमान खान यांचा राजवीर सिंग कथेचा धनी होतो आणि लिमये गुंडांच्या गोटात जातात. नायक-प्रतिनायक उघड्या छातीने झुंजतात, प्रेक्षागृह टाळ्या पिटते. जमिनीचा खरेदीदार त्या झुंजीत कोठेच नसतो!

हे केवळ मुंबईचे पाप नव्हे. जॉन मिलियस यांच्या १९८२ च्या 'कॉनन द बार्बेरियन' या तलवारी-चेटुकाच्या रक्तबंबाळ चित्रपटात गुलाम झालेला पोरका मुलगा वर्षानुवर्षे एक अजस्र चाक ओढतो. त्याच्या दंडातले बळ त्या सक्तीच्या श्रमातून आलेले दिसते. (मिलियस यांना कोणी समाजवादी म्हणणार नाही.) मार्कस निस्पेल यांच्या २०११ च्या आवृत्तीत ते चाकच नाही. दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये हे खरे. तरी दोन्हीकडे तलवार राखली गेली आणि मागचा घाम पुसला गेला, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

मुळशीच्या बाबतीत ती अधिक बोचते. एप्रिल १९२१ मध्ये याच खोऱ्यातील मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी काढून घेतल्या गेल्या, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याकडे वळले आणि वीज मुंबईला गेली. १९२४ पर्यंत रेटलेला लढा हरला. पांडुरंग महादेव बापट मात्र त्यातून 'सेनापती' झाले. पुढे हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान नगर आले, लवासा आले. हा इतिहास समोर ठेवला म्हणजे मूळ चित्रपटाचाही दोष दिसतो. त्याचा सारा भर शेतकऱ्याने जमीन विकू नये या उपदेशावर आहे. १९२१ च्या मुळशीकराने ती विकली कोठे होती? घेणाऱ्याला दोष देण्याचे धाडस तरडे यांनाही पुरते झाले नाही, आणि गुंडाच्या गौरवाचे नाचगाणे त्यांनीही सोडले नाही. तरीही त्यांच्या पडद्यावर बांध आणि बाप दिसतात, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

तेव्हा अभ्यासशिबिरांत चित्रपट दाखवावयाचा असेल तर तो मराठीच दाखवावा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकर्त्यांनी पौडच्या तहसील कचेरीत जाऊन एखाद्या गावाचे फेरफार वाचावेत. खरेदीदारांची नावे तेथे मिळतील.